तळ्याकाठची आडवी झाडं



मी निवृत्त चित्रकला शिक्षक. आज मला प्राचीन आणि नंतरच्या काळातल्या चित्र-शिल्पांविषयी बोलायचं आहे; पण सुरुवात माझ्या वर्गातल्या एका तासापासून करतो. पाचवीच्या मुलांना मी विषय दिला होता, 'आमच्या गावचं तळं'. एका मुलीनं कागदाच्या मधोमध चौकोनी तळं काढलं, झाडावर चढून खाली बघावं तसं. तळ्यातले मासे मात्र बाजूनं दिसणारे. आणि चारी काठांवर झाडं: वरच्या काठाची उभी, डाव्या-उजव्या काठांची आडवी झोपलेली, खालच्या काठाची तर शेंडे खाली करून उलटी. मी लाल पेन्सिल घेतली, झाडं सरळ करून दिली आणि म्हटलं, "बाळ, तळं असं दिसत नाही." ती म्हणाली, "सर, पण झाडं काठावरच आहेत ना?" मी काही बोललो नाही. तास संपला होता.

पुढे कितीतरी वर्षांनी एका पुस्तकात मला तेच तळं भेटलं. इजिप्तमधलं, इसवी सनापूर्वी १३५० च्या सुमाराचं. थीब्ज नगरीत, अमुन देवाच्या देवळात, नेबामुन नावाचा एक लेखनिक होता. देवळाच्या धान्याचा हिशेब तो ठेवत असे. त्याच्या थडग्यावरच्या दालनातल्या भिंतींचे अकरा तुकडे आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यातल्या एकावर त्याची बाग आहे. मधोमध वरून पाहिलेलं चौकोनी तळं, त्यात बाजूनं पाहिलेले मासे आणि बदकं, कमळं, भोवती खजुराची आणि उंबराच्या जातीची झाडं. आणि एका काठावरची झाडं आडवी. तळ्याचा एक काठही झाकलेला नाही, एकही मासा दुसऱ्याच्या आड गेलेला नाही. वर कोपऱ्यात झाडातून एक देवी बाहेर आली आहे. तिच्या हातात फळं आणि प्यायला पेय आहे.

ते चित्र पाहिलं आणि मला त्या मुलीची आठवण झाली. तिला जे म्हणायचं होतं तेच नेबामुनच्या चित्रकारानं म्हटलं होतं: झाडं काठावर आहेत.

आता हा चित्रकार काही कच्चा नव्हता. याच दालनातला दुसरा तुकडा पाहा. नेबामुन होडीत उभा राहून पाणथळातले पक्षी मारतो आहे, आणि त्याचं मांजर झाडीत उडी मारून पक्षी पकडतं आहे. एक तोंडात, बाकीचे पंज्यांखाली. त्या मांजराच्या अंगावरचे पट्टे, पोटाची मऊ लव, ताणलेली पाठ असं सगळं इतक्या बारकाईनं काढलं आहे की बाजूला मांजर बसवूनच रंगवलं असावं असं वाटतं. त्याच्या डोळ्याला सोन्याचा वर्ख लावला आहे. ज्याला असं मांजर काढता येतं त्याला झाड उभं काढता येत नव्हतं, असं कुणी म्हणणार नाही.

मग झाड आडवं का? कारण त्या बागेला एक काम होतं. मेल्यानंतर नेबामुनला त्या बागेत राहायचं होतं. तिथली फळं खायची होती, पाणी प्यायचं होतं, सावलीत बसायचं होतं. नजरेला दिसतं तसं काढलं असतं तर मागची झाडं पुढच्या झाडांनी झाकली असती, लांबचं झाड लहान झालं असतं. जे झाकलं गेलं ते त्याला परलोकात मिळणार कसं? इजिप्तच्या चित्रातल्या माणसाचंही असंच आहे. चेहरा बाजूनं, डोळा समोरून, खांदे समोरून, पाय बाजूनं. प्रत्येक अवयव ज्या बाजूनं पुरता ओळखू येतो त्या बाजूनं. माणूस अख्खा राहिला पाहिजे.

माणसाच्या चित्राची मापंही मनाला येईल तशी नव्हती. सुतार लाकडावर रंगीत दोरी ताणून झटका देतो ना, तशा तांबड्या रेघा भिंतीवर मारून चौकोन पाडत. उभ्या माणसाची तळपायापासून केसांच्या रेषेपर्यंतची उंची अठरा चौकोन. शतकानुशतकं हेच माप. आपल्याला तो साचा वाटतो. मला तो मंत्रासारखा वाटतो. मंत्राचा उच्चार बदलून चालत नाही. शिल्पकाराला जुन्या इजिप्ती भाषेत जो शब्द आहे त्याचा अर्थच मुळी 'जिवंत ठेवणारा' असा होतो.

याहून पुढची एक गोष्ट सांगतो. सक्कारा इथं जोसर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड आहे, इसवी सनापूर्वी सत्ताविसाव्या शतकातला. त्याला लागून दगडी भिंतींची एक लहानशी बंद खोली आहे. आत राजाचा बसलेला पुतळा होता. मूळ पुतळा आता कैरोच्या संग्रहालयात आहे, जागेवर प्रतिकृती ठेवली आहे. त्या खोलीला दार नाही. समोरच्या भिंतीत फक्त दोन गोल भोकं आहेत, पुतळ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. ती भोकं लोकांना आत बघायला ठेवलेली नाहीत. ती राजाला बाहेर बघायला ठेवली आहेत. बाहेर धूप जाळायचा, अन्न ठेवायचं, आणि आतल्या राजानं ते पाहायचं, त्याचा वास घ्यायचा. इतकं देखणं शिल्प घडवलं आणि ते माणसाच्या नजरेपासून बंद करून टाकलं! आज आपण कलेविषयी बोलतो तेव्हा 'पाहणारा' गृहीतच धरतो. इथं पाहणारा खुद्द पुतळाच आहे.

आता इजिप्त सोडून इराककडे येऊ. त्या देशाच्या उत्तरेला निमरुद नावाची जागा आहे. तिथं असुरनासिरपाल दुसरा या असिरियन राजानं इसवी सनापूर्वी नवव्या शतकात राजवाडा बांधला. वास्तुशांतीला त्यानं जेवण घातलं, त्याचा शिलालेख सापडला आहे: पाहुणे ६९,५७४, पंगती दहा दिवस. आकडा राजानं स्वतः कोरून ठेवलेला आहे, त्यात फुगवटा असेलही. पण ज्याला असा आकडा कोरावासा वाटतो, त्याच्या भिंती काय बोलत असतील ते ओळखता येतं. शहरं पडताहेत, शत्रू शरण येताहेत, राजा सिंह मारतो आहे. परक्या राज्याचा वकील दरबारात जाताना या भिंतींमधून चालत जाई आणि राजासमोर पोचेपर्यंत निम्मा खचलेला असे.

दारावर माणसाचं डोकं, पंख आणि बैलाचं किंवा सिंहाचं धड असलेले राखणदार. त्यांचे पाय मोजा, पाच भरतात. समोरून पाहिलं तर दोन पाय जुळवून तो ठाम उभा आहे, जणू म्हणतो, 'पुढे येऊ नकोस.' बाजूनं पाहिलं तर चार पायांवर चालतो आहे. दारात आलेल्या माणसाला तो अडवतो आणि आत शिरलेल्याच्या बरोबर चालू लागतो. पाचवा पाय शिल्पकाराची चूक नव्हे. राखणदाराला दोन्ही बाजूंनी पहारा द्यायचा होता म्हणून तो आला.

याच असिरियाच्या निनवे नगरीत दोनशे वर्षांनी असुरबनिपाल राजाच्या वाड्यात सिंहाच्या शिकारीचं कोरीवकाम झालं. सिंह रानातले नव्हेत, पिंजऱ्यातून आणून सोडलेले. पिंजऱ्याचं दार वर ओढणारा माणूससुद्धा कोरला आहे. राजा कोरीव दागिन्यांत, चेहरा निर्विकार. आणि एक सिंहीण. तिच्या पाठीत बाण रुतले आहेत, मागचे पाय लुळे पडून जमिनीवर फरफटताहेत, पुढच्या दोन पायांवर अंग उचलून ती गर्जना करते आहे. मानेतली प्रत्येक शीर ताणलेली. राजाचा पराक्रम दाखवायला सांगितलं होतं, आणि शिल्पकारानं तो दाखवला. पण आज त्या भिंतीपुढे उभा राहिलेला माणूस राजाकडे क्वचितच बघतो. मी तर म्हणेन, जगातल्या कुठल्याही शिल्पात मरणाची वेदना याहून खरी उतरलेली नाही. काम राजाचं होतं, हात मात्र सिंहिणीकडे नीट बघितलेल्या माणसाचा होता.

ग्रीसबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ग्रीक शिल्पांची कीर्ती सर्वांनी ऐकलेली असते. इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमाराचे तरुणांचे ग्रीक पुतळे थेट इजिप्तच्या धाटणीचे आहेत: डावा पाय पुढे, हात अंगालगत, मुठी वळलेल्या. सव्वाशे वर्षांत, ४८० च्या आसपास, तोच तरुण एका पायावर भार टाकून, मान किंचित वळवून सैल उभा राहतो. इजिप्तनं जे दोन हजार वर्षं बदललं नाही ते ग्रीसनं चार-पाच पिढ्यांत बदललं. कारण या पुतळ्यात कुणाला अनंतकाळ राहायचं नव्हतं. तो देवाला वाहिलेला असे, किंवा थडग्यावर आठवणीची खूण म्हणून उभा असे, आणि येणारे-जाणारे त्याच्याकडे पाहत. माणसाच्या नजरेसाठी केलेली वस्तू माणसाच्या नजरेबरोबर बदलत जाते.

आणि नंतर ही हुबेहूब कला लोकांनी बाजूला ठेवलीही. इटलीतल्या रावेन्ना गावात सान व्हिताले नावाचं चर्च आहे, इसवी सन ५४७ साली त्याचं समर्पण झालं. तिथं सम्राट जस्टिनियन आपल्या लवाजम्यासह भिंतीवर उभा आहे. पाय जमिनीला टेकलेले नाहीत, एकाचा पाय दुसऱ्याच्या पायावर पडलाय, मागे आकाश नाही, डोंगर नाही, नुसतं सोनं. काचेच्या हजारो तुकड्यांत सोन्याचा वर्ख घालून, ते किंचित तिरपे बसवून ही भिंत केली आहे. दिव्याची ज्योत हलली की सगळी भिंत हलते. पूर्वी विद्वान याला कलेचा ऱ्हास म्हणत. मला ते पटत नाही. देवाच्या दरबारात सावली कुठल्या बाजूला पडते हे दाखवायची त्या कारागिरांना गरज नव्हती. त्यांना तिथला उजेड दाखवायचा होता.

आता आपल्या घराजवळचं उदाहरण घेतो. पालघर जिल्ह्यात, डहाणू-तलासरीकडे वारल्यांच्या लग्नात घराच्या भिंतीवर 'चौक' नावाचं चित्र लिहितात. लक्षात घ्या, 'लिहितात'. गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचं पाणी आणि काडी. लिहिणाऱ्या सवाशिणी. चौकाच्या मधोमध पालघट देवी बसते. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. आणि लग्न झाल्यावर तो चौक कुणी जपत नाही. धुरानं, पावसाळ्याच्या ओलीनं पुसट होतो, पुढच्या सारवणात जातो. त्याचं काम झालेलं असतं.

१९७० नंतर या चित्रांना कागद मिळाला. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांनी भिंतीवरची ती रेघ कागदावर आणली आणि जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं जाळं टाकणाऱ्या कोळ्यांचं चित्र पाहिलंत तर एवढ्या बारीक रेघांनी अख्खी नदी कशी भरते याचं नवल वाटतं. कागदावर आल्यावर मधली देवी बाजूला झाली आणि शेत, तारपा वाद्य, आगगाडी, गोष्टी सगळं आत आलं. बायकांच्या हातातली काडी पुरुषांच्याही हातात आली. यातलं खरं कुठलं, असं लोक मला विचारतात. दोन्ही खरी आहेत. एक लग्न लावतं आणि एक भिंतीवर टांगून पाहायचं आहे. फक्त दोघांना एकाच मापानं मोजू नये.

टांगून पाहायची ही सवय तशी फार जुनी नाही. पॅरिसचं लूव्र संग्रहालय लोकांसाठी उघडलं ते १७९३ साली. त्यानंतर थडग्यातली बाग, दारावरचा राखणदार, देवळातली मूर्ती हे सगळं एका छपराखाली आलं आणि प्रत्येकाखाली एकच शब्द लागला: कला. संग्रहालयांचे आपल्यावर उपकार आहेत, ती नसती तर मला नेबामुन भेटलाच नसता. पण तिथं गेल्यावर ती वस्तू मूळ कुठं होती, तिच्यासमोर कोण उभं राहत होतं, दिवा कुठं होता, हे आपणच मनात पुन्हा मांडून घ्यावं लागतं.

लंडनला जाणं सगळ्यांना जमत नाही. पण त्या निमरुदच्या राजवाड्यातले काही कोरीव पाषाण मुंबईत, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. मुलांना घेऊन जा. पाटीवरची माहिती आधी वाचून दाखवू नका. चेहरा कुठल्या बाजूनं पाहिलाय, डोळा कुठल्या बाजूनं, पाय कुठल्या बाजूनं, हे त्यांनाच शोधू द्या. ती नक्की शोधतील.

आणि माझ्या शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती. वर्गात एखाद्या मुलानं तळ्याकाठची झाडं आडवी काढली, तर लाल पेन्सिल खाली ठेवा आणि त्याला विचारा, "हे तू कुणासाठी काढलंस?"