विजेच्या गाडीचा दहा वर्षांचा हिशोब



मिरजगावात नगर-सोलापूर रस्त्याला हिरव्या पाटीची मोटार थांबली, की चारजण भोवती जमतात. पहिला प्रश्न ठरलेला, "एका चार्जिंगमध्ये किती पळते?" दुसरा जरा दबक्या आवाजात येतो, "आणि बॅटरी गेली तर?" पहिल्याचं उत्तर जाहिरातीत सापडतं. आज आपण दुसऱ्याबद्दल बोलू. गाडी घेतल्यावर आठ-दहा वर्षं ती कशी टिकते, खिशाला काय पडते, आणि कर्जत तालुक्यासारख्या कोरड्या, उन्हाच्या मुलखात तिला कशापासून जपायचं.

विजेचं वाहन आपल्या जिल्ह्याला आता अनोळखी नाही. 1 जून 1948 ला एसटीची पहिली गाडी नगर-पुणे मार्गावर धावली, आणि 1 जून 2022 ला विजेवरची पहिली 'शिवाई' त्याच मार्गावर सुरू झाली. वाहनांच्या चाचण्या घेणारी व्हीआरडीई ही संस्था नगरलाच आहे. टाटांची नेक्सॉन पलीकडे रांजणगावला तयार होते. तिची विजेवरची आवृत्ती जानेवारी 2020 मध्ये बाजारात आली. म्हणजे पहिल्या गाड्यांना पाच वर्षं होऊन गेली, आणि आता अंदाजावर बोलण्याची गरज उरलेली नाही.

आधी मोटारीचं पाहू. आपल्याकडे मोटार म्हटलं की विहिरीवरची मोटार आठवते, आणि ती जळते हे सगळ्यांना पाठ आहे. एक फेज गेली, व्होल्टेज पडलं, विहीर आटून पंप कोरडा चालला, की वायंडिंग जळतं आणि मोटार भरायला न्यावी लागते. मग गाडीचीही अशीच जळेल का? सहसा नाही. पंपाला वीज थेट डीपीवरून मिळते, तिच्या चढउताराचा मार वायंडिंगला बसतो. गाडीच्या मोटारीला वीज मिळते ती गाडीतल्याच बॅटरीतून, आणि मधे एक कंट्रोलर बसलेला असतो. तो तिन्ही फेज स्वतः तयार करतो, तापमानावर नजर ठेवतो, आणि मोटार जास्त तापायला लागली की जोर कमी करतो. तुमच्या वस्तीवरचं व्होल्टेज त्या मोटारीपर्यंत पोहोचतच नाही.

इंजिन नसल्यामुळे देखभालीची यादीही आखूड होते. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, स्पार्क प्लग, क्लच प्लेट, सायलेन्सर यांतलं काहीच नाही. अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मोटारच गाडीचा वेग खाते आणि उलट बॅटरीत वीज भरते, म्हणून ब्रेक पॅडही जास्त टिकतात. पण खर्च शून्यावर येत नाही. ब्रेक ऑइल ओल धरतं, ते साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं. बॅटरी गार ठेवणारं कूलंट असतं, एसीचा फिल्टर असतो. शिवाय गाडी तिच्या पेट्रोल भावंडापेक्षा दोन-तीनशे किलोने जड, आणि उठावही जोरदार. त्यामुळे टायर लवकर झिजतात. वाचलेल्या ऑइलच्या पैशातला काही भाग तिथे जातोच. हवा आणि अलाइनमेंट वेळच्या वेळी पाहिलं, तर हा खर्च आटोक्यात राहतो.

आता बॅटरी. ती एका दिवसात मरत नाही, हळूहळू तिची क्षमता उतरते. कॅनडातल्या जिओटॅब कंपनीने हजारो गाड्यांची माहिती तपासून 2024 मध्ये सांगितलं, की क्षमता वर्षाला सरासरी 1.8 टक्के घटते. आपल्या भाषेत मांडू. नवी असताना खऱ्या वापरात अडीचशे किलोमीटर जाणारी गाडी या वेगाने आठ वर्षांनी दोनशे दहाच्या आसपास जाईल. बहुतेक कंपन्या बॅटरीला आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी देतात, आणि क्षमता सत्तर टक्क्यांखाली गेली तर जबाबदारी घेतात. सत्तर टक्के म्हणजे पावणेदोनशे किलोमीटर. मिरजगावाहून नगरला जाऊन परत यायला शंभर-एकशेदहा लागतात. थकलेली बॅटरीसुद्धा ते काम करून देते.

मात्र ही सरासरी आहे, आणि सरासरी बिघडवणारी गोष्ट आपल्याकडे भरपूर आहे, ती म्हणजे ऊन. 2012 मध्ये अमेरिकेतल्या अॅरिझोनाच्या वाळवंटी भागात निसान लीफच्या मालकांनी तक्रारी केल्या, की दोन वर्षं व्हायच्या आत बॅटरी उतरली. त्या गाडीत बॅटरी गार करायला द्रवाची सोय नव्हती. पुढे निसानला बॅटरीच्या क्षमतेची वेगळी हमी द्यावी लागली. म्हणून गाडी घेताना पहिला प्रश्न विचारा, बॅटरी कूलंटने गार होते का? दुसरा विचारा, बॅटरी एलएफपी आहे का, म्हणजे लोह आणि फॉस्फेटवाली? 1990 च्या दशकात अमेरिकेत जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत ती पुढे आली, आणि त्या कामात अक्षय पाधी हे भारतीय संशोधक आघाडीवर होते. ती थोडी जड असते, पण उष्णता जास्त सोसते आणि चार्जिंगच्या फेऱ्याही जास्त काढते.

वापरण्याच्या सवयी साध्या आहेत. भर दुपारी नगरहून तापून आल्या आल्या गाडी चार्जिंगला लावू नका, रात्री लावा. शेडखाली नाहीतर कडुलिंबाखाली उभी करा. पूर्ण भरून आठ-आठ दिवस उन्हात ठेवू नका, आणि लग्नसराईत गावाला जाताना पार रिकामी करूनही सोडू नका. एलएफपी बॅटरी मात्र अधूनमधून पूर्ण भरावी असं कंपन्या सांगतात, कारण त्याशिवाय उरलेल्या चार्जचा आकडा नीट कळत नाही. जलद चार्जर प्रवासापुरता ठेवा, रोजची सवय लावू नका.

घरच्या चार्जिंगकडे येऊ. गाडी रात्रभर, दहा-दहा तास सलग मोठा भार ओढते. जुनं वायरिंग आणि ढिला सॉकेट असेल, तर प्लग वितळतो. म्हणून मीटरपासून चांगल्या जाडीची वेगळी तांब्याची वायर, वेगळा एमसीबी आणि गळती ओळखणारा आरसीसीबी बसवा, आणि महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्या. अर्थिंग हा सर्वांत दुर्लक्षित भाग. मुरमाड जमीन उन्हाळ्यात कोरडी ठाक पडते, अर्थिंग कमजोर होतं, आणि चार्जर चालूच होत नाही. लोक समजतात गाडी बिघडली. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतलं, की कित्येकदा चार्जर सुरू होतो. शेतीपंपाच्या जोडणीवरून गाडी चार्ज करणं मात्र नियमाबाहेरचं आहे, तो मोह टाळा.

आता पैशांचा हिशोब. आकडे ढोबळ आहेत, कागद-पेन्सिल घ्या. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर धरू. पेट्रोलची गाडी लिटरला पंधरा देते आणि पेट्रोल एकशेपाच रुपये धरलं, तर वर्षाचे 1,05,000 रुपये. विजेच्या गाडीला, चार्जिंगमधली घट धरून, शंभर किलोमीटरला सतरा युनिट लागतात. वर्षाला अडीच हजारांवर युनिट, म्हणजे महिन्याला दोनशेहून जास्त. इथे सावध राहा, कारण घरच्या बिलात युनिट वाढले की दराचा टप्पाही वर चढतो. सरासरी बारा रुपये धरले, तर वर्षाला तीस हजार. म्हणजे बचत पंचाहत्तर हजारांच्या घरात. हीच गाडी कायम बाहेरच्या जलद चार्जरवर बावीस रुपये युनिटने भरली, तर बचत पन्नास हजारांपर्यंत खाली येते. आणि गाडी वर्षाला पाच हजारच फिरत असेल, तर जेमतेम पंचवीस हजार. खरेदीच्या वेळी तीन-चार लाख जास्त मोजलेले असतील, तर पहिल्याला ते चार-पाच वर्षांत वसूल होतात, शेवटच्याला बारा वर्षं पुरत नाहीत. छतावर सोलर असेल, तर चित्र आणखी सुधारतं. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपयांचं अनुदान आहे, आणि एवढं सोलर दिवसाला सरासरी बारा युनिटच्या आसपास देतं.

बिघाडाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने 2024 मध्ये नोंदवलं, की विजेच्या गाड्यांत पेट्रोल गाड्यांपेक्षा 42 टक्के जास्त तक्रारी येतात. वर्षभर आधी तोच आकडा 79 होता. त्रास देतात ते इलेक्ट्रॉनिक भाग, चार्जर आणि सॉफ्टवेअर. गाडीत एक छोटी बारा व्होल्टची बॅटरीही असते. ती उतरली, तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही. जून 2024 मध्ये ह्युंदाईने भारतात आयोनिक 5 च्या 1,744 गाड्या परत बोलावल्या, त्या ही छोटी बॅटरी भरणाऱ्या भागातल्या दोषामुळेच. आपल्याकडे यात उंदरांची भर पडते. कडब्याच्या गंजीशेजारी गाडी लावली, की ते वायर कुरतडतात. आणि नारिंगी वायरला गावातल्या मेकॅनिकने हात लावायचा नाही, तिच्यात जिवावर बेतेल एवढं व्होल्टेज असतं. गाडी नगरलाच न्यावी लागते, तीही ट्रकवर चढवून. चाकं जमिनीवर फिरवत ओढली, तर मोटार वीज तयार करू लागते आणि नुकसान होतं. म्हणून विम्यात ट्रकवरून नेण्याची सोय आणि बॅटरीचं संरक्षण आहे का, ते वाचून घ्या.

जुनी गाडी घेणार असाल, तर किलोमीटरच्या आकड्यावर जाऊ नका. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल काढून मागा, आणि वॉरंटी दुसऱ्या मालकाच्या नावावर होते का, ते लेखी घ्या. काही कंपन्या आता पंधरा वर्षांची बॅटरी वॉरंटी देतात, पण ती पहिल्या खाजगी मालकापुरती असते. गाडी विकली की मुदत कमी होते, आणि भावही त्यानुसार पडतो.

तेव्हा श्रोतेहो, विजेच्या गाडीत खर्चाचा मोठा वाटा खरेदीच्या दिवशीच देऊन टाकावा लागतो, आणि तो रोजच्या फिरण्यातून परत मिळवायचा असतो. रोज नगर किंवा करमाळ्याला जाणं-येणं आहे, घरी स्वतःची जागा आणि धड अर्थिंग आहे, अशा माणसाने बॅटरीच्या भीतीने अडून राहू नये. ज्याची गाडी आठवड्यातून एकदा बाहेर निघते, त्याने जुनीच गाडी नीट सांभाळली तरी तो फायद्यात राहील. शोरूममध्ये जाण्याआधी गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं आणि पेट्रोलचा खर्च एका कागदावर मांडा, आणि वायरमनला घरी बोलावून अर्थिंग तपासून घ्या. एवढं केलं, की गाडी घ्यायची की नाही याचं उत्तर विक्रेत्याला विचारावं लागणार नाही.