स्वच्छ अहवालाचा अर्थ

(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या महिला सभेतील भाषण)



मी डॉक्टर नव्हे. शाळेत विज्ञान शिकविणारी शिक्षिका आहे. तरीही हा विषय मी मागून घेतला, याला कारण माझी आपा. तिच्या स्तनांची क्ष-किरण तपासणी, म्हणजे मॅमोग्राफी, झाली. अहवालात ‘दोष आढळला नाही’ असे होते. आम्ही निश्चिंत झालो. आठ महिन्यांनी गाठ हाताला लागली. जुना अहवाल पुन्हा काढला, तो खाली एक ओळ होती : ‘स्तनांची घनता अधिक.’ तिचा अर्थ आम्हांला कोणी सांगितला नव्हता. आम्हीही विचारला नव्हता.

तो अर्थ असा. क्ष-किरण चित्रात चरबी काळसर दिसते. ग्रंथींचा व तंतूंचा भाग पांढरा दिसतो. गाठही पांढरीच! काळ्या फळ्यावरील खडूचा ठिपका मागच्या बाकावरूनही दिसतो. चुन्याच्या भिंतीवर तो जवळूनही दिसत नाही. ही घनता म्हणजे आजार नव्हे, आणि ती हाताने चाचपून कळत नाही.

यावर शास्त्रज्ञांनी पुष्कळ परिश्रम केले आहेत. फिल्मवर एकदा उमटलेले चित्र बदलता येत नसे. डिजिटल चित्रातील काळ्यापांढऱ्याचा भेद मागाहून वाढविता येतो. अमेरिका व कॅनडा येथे ४९,५२८ स्त्रियांची दोन्ही पद्धतींनी तपासणी झाली. २००५ साली निष्कर्ष निघाला, की एकंदरीत दोन्ही सारख्याच. परंतु पन्नाशीच्या आतील आणि घन स्तनांच्या स्त्रियांत डिजिटल सरस. पुढे टोमोसिंथेसिस आले. त्यात यंत्र कमानीसारखे फिरून अनेक चित्रे घेते व संगणक त्यांचे पातळ थर मांडतो, म्हणजे एकाआड एक दडलेले सुटे होते.

तरीही पांढऱ्यावरचे पांढरे पुरते सुटत नाही. म्हणून नेदरलँड्समध्ये अतिघन स्तनांच्या, पण स्वच्छ अहवालाच्या स्त्रियांपैकी काहींना एम.आर.आय. देऊ केला. पुढील तपासणीपूर्वीच उघडकीस येणारे कर्करोग इतरांत हजारी ५ होते, तर या गटात २.५. हा निष्कर्ष २०१९ चा. मात्र एम.आर.आय. महाग आहे, आणि त्यात कधी खोटी शंकाही निघते. तेव्हा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.

अमेरिकेत सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक स्त्रीला तिची घनता लेखी कळविणे बंधनकारक आहे. आपण तोवर निदान विचारू तरी या : ‘माझी घनता ए, बी, सी, डी यांपैकी कोणती?’ सी किंवा डी असेल, तर ‘आणखी तपासणी हवी का?’ आणि अहवाल स्वच्छ असला, तरी गाठ लागताच डॉक्टरांकडे जावे.

आपाचे उपचार पुरे झाले आहेत. आज इथे बोलायला तिनेच मला पाठविले. एवढे सांगून मी आपली रजा घेते.