पेपरात आलंय का?

आज पाहुणा कुणी नाही, मी एकटाच बोलणार आहे. बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं होतं, की बी.टेक. करून तू पेपरात काय करत होतास? तर तेच सांगतो.

२०१८ मध्ये पास झालो. मित्र हिंजवडीला गेले, बंगळुरूला गेले, आणि मी पूर्व उपनगरातल्या एका छोट्या मराठी दैनिकात वेबसाइट आणि ॲप सांभाळायला लागलो. पेपरचं नाव सांगत नाही, कारण आमच्या चुकाही सांगणार आहे. ऑफिस म्हणजे स्टेशनजवळ, झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या. पगार सांगितला तर तुम्ही एपिसोड बंद कराल.

राहायला मी माहुलला. चेंबूरच्या पुढे, एकीकडे रिफायनऱ्या आणि दुसरीकडे खाडी. मोठ्या पेपरांत माहुल येतं ते फ्लेमिंगो आले की, नाहीतर आग लागली की. ८ ऑगस्ट २०१८ ला बीपीसीएलच्या रिफायनरीत स्फोट झाला तेव्हा सगळे चॅनलवाले आले होते. नंतर गेले. पण नळाला पाणी नाही, बस वेळेवर येत नाही, हे कोण छापणार? ते आमच्यासारखा पेपर छापतो. सिंगल कॉलम, पान तीन, खाली.

अशा पेपरांना मुंबईत मोठा वारसा आहे हं. 'नवाकाळ' १९२३ चा. निखिल वागळ्यांनी 'आपलं महानगर' सुरू केलं १९९० मध्ये. गंमत म्हणजे मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हाही त्याच वर्षी झाला. ठाण्याला 'ठाणे वैभव' आहे. आमचा पेपर या कुणाच्याच पंगतीत बसणारा नव्हता, पण चालत होता.

कशावर चालत होता? मला वाटायचं बातम्यांवर. पहिल्याच महिन्यात कळलं, जाहीर नोटिशींवर. सोसायटीत कुणी वारलं आणि नॉमिनी लावलेला नसला, तर हरकती मागवायला दोन स्थानिक पेपरांत नोटीस द्यावी लागते. नाव बदललं, शेअर सर्टिफिकेट हरवलं, द्या जाहिरात. मोठ्या कारखान्याच्या पर्यावरण परवानगीसाठी जनसुनावणी असेल, तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात, निदान ३० दिवस आधी. म्हणजे बघा, कायद्याच्या हिशोबात पेपरात छापलं की लोकांना कळलं! आता ती बारीक अक्षरातली नोटीस खरंच कोण वाचतं? आमच्या गल्लीत एकच माणूस वाचायचा, स्टॉलवाले काका. त्यांना गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात दुसरं काम नसायचं.

आता माझ्या चुकीवर येतो.

बाहेरच्याला माहुल म्हणजे एकच वाटतं. पण माहुलगाव आहे, जुनं, कोळी-आगरी लोकांचं. आणि माहुलची वसाहत आहे, ७२ इमारतींची. तानसाच्या पाइपलाइनलगतची घरं कोर्टाच्या आदेशानं पाडली, त्यातल्या लोकांना तिथे आणून ठेवलं. रिफायनरीच्या शेजारी. माणसं आजारी पडायला लागली, म्हणून ऑक्टोबर २०१८ पासून ते विद्याविहारला रस्त्यावर आंदोलनाला बसले होते. सप्टेंबर २०१९ मध्ये हायकोर्टानं सांगितलं, या कुटुंबांना दरमहा १५ हजार भाडं आणि ४५ हजार डिपॉझिट द्या.

एवढी मोठी बातमी. आणि मी आमच्या सिस्टिममध्ये ड्रॉपडाउनला टॅग ठेवला होता फक्त 'माहुल'. मी स्वतः तिथला असून! टॅगवरून आर्काइव्हमधला फोटो आपोआप लागायचा. लागला तो माहुलगावच्या गल्लीचा, आणि पान लावणाऱ्यानं तोच छापील अंकातही घेतला. सकाळी आमच्या दारात माणसं. 'पंधरा हजार आपल्याला पण मिळणार ना रे? फॉर्म कुठे भरायचा?' एक आजी रेशनकार्डाची झेरॉक्स घेऊनच आल्या होत्या. आई सगळ्यांना चहा देत समजावत होती, आणि मी आत तोंड लपवून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी खुलासा छापला, दोन ओळींचा. स्टॉलवाले काका म्हणाले, "फोटो एवढा मोठा आणि खुलासा मुंगीएवढा होय रे?" काय बोलणार! पुढे कितीतरी दिवस ते मला पेपर देताना विचारायचे, "आजचं खरं आहे ना?"

टॅग दोन केले. पण अक्कल अजून यायची होती.

पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला मी डॅशबोर्ड बनवला. कुठली बातमी किती उघडली, किती वेळ वाचली, सगळं रंगीत. मीटिंगमध्ये दाखवला तेव्हा सर खूश झाले. घाटकोपर, मुलुंड हिरवं. माहुल लाल, क्लिक जेमतेम दोन आकडी. मग ठरलं, माहुलची चौकट बंद. माझ्याच आलेखावरून. मीही मान डोलावली, कारण आकडा म्हणजे आकडा, असंच शिकलो होतो.

आठ-दहा दिवसांनी वसाहतीतल्या एक ताई ऑफिसला आल्या. हातात प्लास्टिकची फाइल. आत आमच्या पेपरची कात्रणं, तारखेप्रमाणे लावलेली. महापालिकेत गेलं, मंत्रालयात गेलं, वकिलाकडे गेलं, की ती फाइल उघडायची. मला म्हणाल्या, "मोबाइलवर दाखवलं तर साहेब बघत पण नाही. पेपर ठेवला की हातात घेतो." मी विचारलं, "ताई, ॲपवर का वाचत नाही?" तर त्यांनी फोन काढून दाखवला. इमारतीतलं एक जण पेपर विकत घ्यायचं, पानाचा फोटो काढायचं आणि ग्रुपवर टाकायचं. तिथून दुसऱ्या ग्रुपवर. आमचा सर्व्हर काय, त्याला पत्ताही नाही. सगळी वसाहत वाचत होती आणि माझ्या डॅशबोर्डवर ती लाल होती.

चौकट परत सुरू व्हायला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यातल्या तारखांची कात्रणं त्या फाइलमध्ये नाहीत. ते भरून देता येत नाही.

मग लॉकडाऊन. घरपोच पेपर बंद, आम्ही सगळे घरून. ६ जून २०२० ची रात्र. पवईतल्या मित्राचा फोन आला, "अरे, तुमच्याकडे गॅसचा वास येतोय का?" खरं सांगू? आमच्याकडे कसलातरी वास रोजचाच, त्यामुळे आधी लक्षातच आलं नव्हतं! चेंबूर, घाटकोपर, विक्रोळी, पवई, सगळीकडून तक्रारी. ग्रुपवर एका कंपनीचं नाव घेऊन मेसेज फिरायला लागला, टाकी फुटली म्हणून. आई खिडक्या लावत होती. माझ्याकडे ॲपचं नोटिफिकेशन पाठवायचे अधिकार होते. टाइप केलं सुद्धा.

पाठवायच्या आधी आमच्या जुन्या बातमीदाराला फोन लावला. दादा म्हणाले, "फायर ब्रिगेडशी बोललास? कंपनीशी? नाही ना? मग थांब. माणसं रात्री पळायला लागली तर जिन्यात चेंगरतील." आम्ही थांबलो. दादा फोन फिरवत राहिले. बाकीच्यांनी काय काय टाकलं, आम्ही काहीच नाही. वास कुठून येतोय ते त्या रात्री कुणालाच नक्की सांगता येईना. मग महापालिकेचं अधिकृत निवेदन आलं, अग्निशमन दलाच्या १७ गाड्या पाठवल्यात, घाबरू नका. तेवढंच आम्ही पाठवलं. तेव्हा आईला ग्रुपवर शेजारणींचे मेसेज यायला लागले, 'तुमच्या मुलाच्या पेपरात काय आलंय? टाकी फुटलीय का?' आई एकेकीला उत्तर देत होती, "नाही आलेलं." त्यावर दोघी-तिघी झोपायला गेल्या, एवढं मला माहीत आहे.

योगायोग म्हणजे दुसऱ्याच दिवसापासून, ७ जूनपासून, घरपोच पेपरला परवानगी मिळाली. काकांनी मास्क लावून स्वतः आणून दिला. त्या दिवशी 'खरं आहे ना' विचारलं नाही.

त्याच ऑगस्टमध्ये हरित लवादाचा आदेश आला. माहुल आणि आंबापाड्याच्या रहिवाशांनी हवेच्या प्रदूषणावरून केलेलं प्रकरण, वर्षानुवर्षं चाललेलं. एचपीसीएल, बीपीसीएल, एजिस आणि सी लॉर्ड या चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटींची भरपाई. मोठ्या पेपरांतही आलं. आमच्याकडे ते पहिल्या पानावर होतं, आणि फोटो लावताना मी तीनदा तपासला. गावाचाच होता.

पुढच्या वर्षी मी नोकरी बदलली. पैसे लागतात हो, खोटं कशाला बोलू. पेपर अजून निघतो, पानं कमी झालीत. आईनं त्या दिवशीचं कात्रण गॅसच्या पुस्तकात घडी घालून ठेवलंय. सिलेंडर आला की पुस्तक उघडते, कात्रण बाहेर पडतं, परत आत ठेवते.

चला, पुढच्या शुक्रवारी भेटू. तुमच्या भागातला पेपर कुठला, ते कळवा. आणि पानाचा फोटो पाठवलात तरी चालेल, आता मी तोही मोजतो.