तांबड्या माळावरील तीन मुक्काम

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात सेलू येथे दिलेले व्याख्यान)



प्रवासाहून परतलेल्याने चार शब्द सांगावेत, हा आपल्याकडील जुना रिवाज आहे. पूर्वी काशीहून आलेला यात्रेकरू गंगाजळाच्या गडूबरोबर वाटेच्या हकीकतीही घेऊन येई, आणि मावंद्याची पंगत उठली की त्या ऐकावयास सारी आळी ओसरीवर जमे. आम्ही काशीहून आलेलो नाही. ऑस्ट्रेलिया खंडाच्या ऐन मध्यभागी जो तांबडा माळ आहे, त्यावर तीन रात्री उघड्यावर काढून आलो. तरी चिटणीसांची आज्ञा झाली, आणि मावंदे न घालताच हकीकत सांगण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

आपल्या संस्थेच्या सहा कुटुंबांतील चौदा माणसे २०२४ च्या जुलैत या सहलीस गेली. काहींची मुले मेलबर्न व अ‍ॅडिलेड येथे स्थायिक झाली आहेत, कल्पना त्यांचीच. आम्हां वडीलधाऱ्यांचा प्रथम विरोध होता. सेलूस जन्म काढलेल्या माणसास माळरान आणि पाण्याची टंचाई पाहावयास सातासमुद्रांपलीकडे जावयाचे ते कशासाठी? ज्यांनी १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडली आणि सुकडी खाऊन दिवस काढले, त्यांना वाळवंटाचे कौतुक ते काय? हा आमचा आक्षेप किती उथळ होता, हे अखेरच्या दिवशी कळले. ते कसे, तेच सांगावयाचे आहे.

तो देश क्षेत्रफळाने भारताच्या दुपटीहून मोठा. लोकसंख्या मात्र महाराष्ट्राच्या चतुर्थांशाइतकीही नाही. वस्ती बहुतेक समुद्रकाठी, आणि तिच्या पाठीमागे पसरलेला जो अफाट कोरडा मुलूख, त्यास तेथील लोक ‘आउटबॅक’ म्हणतात. त्याच्या मध्यभागी अ‍ॅलिस स्प्रिंग्ज हे गाव. १८७२ साली अ‍ॅडिलेडपासून डार्विनपर्यंत तारायंत्राची तार खंडाच्या आरपार गेली, तेव्हा तेथे तारेचे ठाणे बसले आणि त्यातून पुढे गाव वाढले. परंतु ज्यांची ती मूळची भूमी, ते अरेंटे लोक त्यापूर्वी हजारो वर्षे तेथे नांदत होते.

अ‍ॅलिसहून निघालो तेव्हा मोटारीत आम्हां चौदांखेरीज जर्मनी, कोरिया, आयर्लंड अशा नाना देशांची सात माणसे होती. मागे जोडलेल्या गाड्यात पाण्याच्या टाक्या, शिधा आणि अंथरुणे. सारथी, वाटाडी आणि स्वयंपाकाची प्रमुख अशा तिन्ही जागा एकट्या तिशीतल्या बाईंकडे होत्या. उलुरूपर्यंतचे अंतर सुमारे ४५० किलोमीटर. सेलूहून पुणे गाठूनही उरेल एवढ्या या वाटेवर मोजके चार-दोन थांबे लागले. वाटेत एक सपाट माथ्याचा डोंगर दिसताच आम्ही ‘उलुरू, उलुरू’ म्हणून कॅमेरे सरसावले. बाई शांतपणे म्हणाल्या, “हा माउंट कॉनर. प्रत्येक खेपेस याला असाच मान मिळतो.”

उद्यानाची हद्द लागण्यापूर्वी त्यांनी मोटार थांबविली आणि सर्वांस सरपण गोळा करावयास सांगितले. उद्यानात काडीलाही हात लावावयाचा नाही. आमच्यातील पुरुषमंडळी कमरेवर हात ठेवून देखरेखीच्या थाटात उभी राहिली. बाईंनी ते पाहिले, पण बोलल्या नाहीत. मुक्कामावर पोहोचल्यावर मात्र त्यांनी एक कागद खांबास लावला. त्यावर कोणी कांदा चिरावयाचा, कोणी विस्तव पाहावयाचा आणि कोणी भांडी घासावयाची हे नावानिशी लिहिलेले होते. पहिल्या रात्रीच्या भांड्यांपुढे आमच्यातील तीन ज्येष्ठ गृहस्थांची नावे होती. त्यांतील एक आम्ही.

आमच्या घरच्या स्त्रिया लगबगीने उठल्या आणि ‘असू द्या, आम्ही करतो’ म्हणू लागल्या. बाईंनी त्यांना हाताने खाली बसविले. “आज तुमची पाळी नाही,” एवढेच म्हणाल्या. पन्नास वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी प्रथमच ऐकले असावे. भांडी आम्ही घासली. ती फारशी स्वच्छ निघाली नाहीत, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

जेवणाची काळजी आमच्या शाकाहारी मंडळींस होती. त्यांची पातेली वेगळी ठेवण्याचे बाईंनी आनंदाने मान्य केले. निखाऱ्यांत बिडाचे झाकणबंद भांडे पुरून त्यांनी ‘डॅम्पर’ नावाची पाव-भाकर केली. केवळ पीठ, मीठ आणि पाणी, वर-खाली विस्तव. पहिल्या घासासरशी आमच्यातील एक आजी उद्गारल्या, “अगं बाई, हा तर आपला रोडगा!” गोवऱ्यांऐवजी मुल्गा झाडाचे सरपण होते, एवढाच काय तो फरक.

झोपावयाचे ‘स्वॅग’मध्ये. स्वॅग म्हणजे आपली वळकटीच, परंतु जाड कॅनव्हासची. तीत गादी असते आणि माणूस आत शिरून डोक्यावर पदर घेतल्यासारखे झाकण ओढतो. जुलै हा तेथील हिवाळा, पहाटे पारा शून्याच्या आसपास उतरतो. पायताणे आत घेऊन निजावे, नाहीतर डिंगो हा रानकुत्रा पळवितो, अशी ताकीद होती. परंतु झोप कोणास येणार? माथ्यावर ऐन मध्यावर वृश्चिक उभा होता. आपल्याकडे दक्षिणेच्या आकाशात दिसणाऱ्या या विंचवातील तांबडी ज्येष्ठा तेथे थेट डोक्यावर येते. आपल्याला उन्हाळ्यात जेमतेम दिसणारा त्रिशंकू तेथे उंच झळकतो. आपण चांदण्या जोडून आकृती पाहतो. तेथील मूळचे लोक आकाशगंगेतील काळोखाच्या पट्ट्यांत एमू पक्षी पाहतात. एकदा दाखविल्यावर तो आम्हांलाही दिसू लागला.

दुसरा दिवस उलुरूचा. सपाट भूमीवर ३४८ मीटर उंच असा तो एकसंध खडक असून त्याचा घेर नऊ किलोमीटरांहून अधिक आहे. १८७३ साली गॉस नावाच्या भूमापकाने त्यास ‘एअर्स रॉक’ असे नाव दिले. तो वर चढला तेव्हा त्याच्यासोबत कामरान नावाचा एक उंटवालाही होता. पुढे शेकडो लोक रोज चढू लागले. खडकाचे मूळ धनी जे अनंगू लोक, त्यांच्या ‘जुकुर्पा’ या धर्मपरंपरेनुसार ती वाट पूर्वजांच्या पवित्र मार्गाची आहे. ते सांगत, ‘कृपा करून चढू नका.’ कोणी ऐकत नसे. तीसहून अधिक माणसे त्या चढणीवर मरण पावली, आणि आपल्या घरी आलेला पाहुणा दगावावा याचे दुःख अनंगूंनाच अधिक होई. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी ती जमीन सरकारने त्यांच्या नावे परत केली. त्यांनी ती लगेच उद्यानासाठी ९९ वर्षांच्या कराराने दिली. चढाई मात्र बरोबर चौतीस वर्षांनी, २६ ऑक्टोबर २०१९ रोजी कायमची बंद झाली.

आम्ही पायथ्याने प्रदक्षिणा केली. काही जागी ‘येथे छायाचित्र घेऊ नये’ असे फलक आहेत. आमच्यातील एका तरुणाने तरीही एक घेतले. बाईंनी त्यास बाजूस नेऊन ते पुसावयास लावले. तो चिडून म्हणाला, “दगडाचे चित्र घेतले तर कोणाचे काय गेले?” तेव्हा त्याच्या आजींनीच विचारले, “गाभाऱ्यात आपण घेऊ देतो का रे?” तो निरुत्तर झाला.

आम्ही मात्र त्या प्रश्नापाशी थोडे अधिक थांबलो. पंढरीच्या विठ्ठलाचे द्वार हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. तेथे ज्यांचा देव, त्यांनाच दाराबाहेर ठेवले होते. उलुरूला ज्यांचे दैवत, ते साऱ्या जगास या म्हणतात. फक्त पाय कोठे ठेवावा एवढे सांगतात. मर्यादा दोन्हीकडे आहे. एकीत माणसाचा अपमान होता, दुसरीत केवळ आदराची अपेक्षा आहे. दोन्हींस एकाच मापाने मोजू नये.

त्या रात्री शेकोटीपाशी बाईंनी दोन कथा सांगितल्या. पहिली बर्क आणि विल्स यांची. १८६० च्या ऑगस्टमध्ये मेलबर्नहून मोठ्या लवाजम्यानिशी ही मोहीम निघाली. तिच्यासाठी उंट हिंदुस्थानातून आणले होते. चौघे उत्तरेच्या समुद्राजवळ पोहोचून परत फिरले. त्यांतील एक वाटेतच वारला. २१ एप्रिल १८६१ रोजी उरलेले तिघे कूपर्स क्रीकच्या ठाण्यावर आले, तो राखणीची तुकडी त्याच सकाळी निघून गेलेली. तेथील यांड्रुवांधा लोक त्या ओढ्याकाठी पिढ्यान्‌पिढ्या सुखाने राहत होते. त्यांनी मासे दिले, नार्डू नावाच्या वनस्पतीचे पीठ दिले. बर्कने मात्र त्यांच्या दिशेने बंदूक झाडली. पुढे नार्डू स्वतः दळून खाल्ले. परंतु ते खाण्याजोगे करण्याची त्या लोकांची रीत पुरती न शिकल्याने पोट भरूनही शरीर झिजत गेले, असे आज मानले जाते. बर्क आणि विल्स गेले. तिसरा किंग त्या लोकांच्या आश्रयास राहिला आणि सप्टेंबरात जिवंत सापडला.

दुसरी कथा उंटवाल्यांची. बलुचिस्तान, सिंध, पंजाब, पेशावर अशा मुलुखांतून ही माणसे तेथे गेली. सर्वांस सरसकट ‘अफगाण’ म्हणत. तारेचे सामान, लोकरीचे गठ्ठे, खाणींचे धान्य आणि पाणी त्यांच्याच उंटांनी वाहिले. अ‍ॅलिसला जाणाऱ्या आगगाडीचे ‘घान’ हे नाव त्यांच्यावरूनच पडले. परंतु मारी नावाच्या गावात रुळांच्या एका बाजूस गोरे राहत, आणि दुसऱ्या बाजूस उंटवाले व मूळचे रहिवासी. ज्यांच्या पाठीवर गाव जगले, त्यांचे घर रुळांपलीकडे!

हे ऐकून आमच्यातील एक तरुण मुलगी हळूच मराठीत म्हणाली, “म्हणजे गावकुसाबाहेर.” कोणी काही बोलले नाही. शेकोटीत लाकूड तडतडत राहिले.

तिसऱ्या दिवशी काटा जुटाचे छत्तीस घुमट पाहून आम्ही किंग्ज कॅन्यनजवळ मुक्काम केला, आणि अखेरच्या दिवशी पहाटेच त्या दरीच्या कडेची सहा किलोमीटरांची वाट धरली. नियम असा की, दर तासास दर माणशी एक लिटर पाणी स्वतःजवळ असलेच पाहिजे. आम्ही मराठवाड्याची माणसे. पाण्याविषयी आम्हांस कोणी शिकवावे? हिवाळा आहे, म्हणून अर्धीच बाटली घेतली. पहिलीच चढण अवघड निघाली आणि दोन तासांत बाटली रिती झाली. एका खडकावर आम्ही घशाला कोरड पडून बसलो असता मागून आलेल्या जर्मन तरुणाने आपली बाटली पुढे केली.

आणि येथे जे घडले ते सांगण्यासाठीच आज उभा आहे. आमचे दोन्ही हात आपोआप ओंजळ होऊन पुढे झाले. परक्याच्या भांड्यास ओठ लावू नयेत, हे लहानपणापासूनचे वळण! तो तरुण गोंधळला. आपल्या हातात पाणी ओतून घेण्यासाठी हा वृद्ध हात का जोडतो आहे, हे त्यास कळेना. त्याने हसून बाटलीच ओंजळीत ठेवली.

त्या क्षणी आमच्या वाड्याची पायरी डोळ्यांपुढे उभी राहिली. दुपारच्या उन्हात कामावरून आलेली माणसे त्या पायरीखाली ओंजळ धरून उभी असत, आणि घरातून कोणीतरी वरून, स्पर्श न होईल अशा बेताने पाणी सोडी. लहानपणी ते पाणी आम्हीही सोडले आहे. त्यात दया आहे, असेच आम्हांस वाटे. १९५० साली अमलात आलेल्या घटनेने अस्पृश्यता नष्ट केली हे शाळेत शिकलो, भाषणांतही सांगितले. परंतु ओंजळीतून वर पाहताना माणसास काय वाटत असेल, हे त्या खडकावर बसेपर्यंत ठाऊक नव्हते. आम्ही बाटलीस ओठ लावले आणि पाणी प्यालो.

बंधुभगिनींनो, आपली संस्था ज्ञातीची आहे, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. गरजू मुलांस शिष्यवृत्ती मिळाव्यात, अडल्यानडल्यास आधार मिळावा म्हणून वाडवडिलांनी ती उभारली. परंतु कुंपण हे रोपाच्या रक्षणासाठी असते. झाड मोठे झाल्यावर त्याची सावली कुंपणाबाहेर पडावयास हवी. माळ कोणास कुळ विचारीत नाही. तेथे सरपण वेचणारे हात, ठरलेली पाळी आणि जवळचे पाणी एवढेच उपयोगी पडते. आणि तेथे पूर्वीपासून राहणाऱ्यास नम्रपणे विचारणारा तरतो.

म्हणून एक सूचना करून आपली रजा घेतो. पुढील वर्षी संस्थेची सहल येलदरीच्या जलाशयाकाठी दोन रात्रींच्या मुक्कामाची असावी; वाटेत चारठाण्याची प्राचीन मंदिरेही पाहून होतील. आचारी नेऊ नये. कामाच्या पाळीचा कागद लावावा आणि भांड्यांपुढे पहिली नावे कार्यकारिणीच्या सभासदांची असावीत. आणि प्रत्येक कुटुंबाने आपल्या ज्ञातीबाहेरचे एक शेजारी कुटुंब सोबत आणावे, पाहुणे म्हणून नव्हे, तर त्याच कागदावर नाव असलेले सोबती म्हणून. पाण्याची घागर एकच ठेवू. सूचना आम्ही मांडली आहे. अनुमोदन आपल्यापैकी कोणीतरी द्यावे, अशी हात जोडून विनंती आहे.