गाडी थरथरते तेव्हा

बोरीहून जिंतूरच्या बाजाराला माल नेणारी गटाची गाडी उभ्या-उभ्या थरथरते? क्लच सोडताना 'धप्प' आवाज येतो? मग इंजिनाचं फाउंडेशन रबर बघून घ्या. बैलगाडीत मडकी नेताना खाली कडबा घालतात, तसं हे रबर इंजिनाचे हादरे पोटात घेतं. इंजिनाच्या उष्णतेनं आणि गळक्या तेलानं ते चिरतं. तसंच चालवलं तर बाकीच्या रबरांवर अन् सायलेन्सरच्या पाइपावर ताण येतो, खर्च वाढतो.

वरून हात पोचत असेल तर हे रबर घरीही बदलता येतं. जागा सपाट, इंजिन गार, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. इंजिनाच्या तळाला लाकडी फळी लावून जॅक द्या, वजन पेलेल इतकाच. एका वेळी एकच रबर काढा. नवं बसवताना सगळे बोल्ट आधी हातानं लावा, मग पान्यानं आवळा.

एक मात्र ध्यानात ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही, नवरा असो की पोरगा. खालून काम असेल तर गाडी गॅरेजलाच न्या. मजुरीचे पैसे पुन्हा कमावता येतात, माणूस नाही.