माघात बसवा खुडूक कोंबडी, पाडव्याला मोजा पिल्लं

माघ लागला की थंडीचा जोर ओसरतो. ज्वारीची कणसं पक्की होऊ लागतात, आंब्याला मोहोर धरतो आणि बांधावरचा पळस पानं टाकून फुलायच्या बेतात असतो. याच दिवसांत घरातली एखादी कोंबडी खुडूक होते. अंडी द्यायची थांबते, पिसं फुलवून कोपऱ्यात बसून राहते आणि जवळ गेलं तर अंगावर येते. घरधनीण म्हणते, "झालं, आता महिनाभर हिचं अंडं नाही." पण भगिनींनो, वर्षातली पिल्लं काढायची सगळ्यात चांगली वेळ हीच. आणि हे काम घरातल्या मुलांच्या हाती द्यायलाही हीच वेळ चांगली. आज या दोन्ही गोष्टी एकत्र सांगणार आहे.

वेळ हीच का?

अंड्यातून पिल्लू बाहेर यायला २१ दिवस लागतात. बाहेर आल्यावर पहिले तीन-चार आठवडे त्याच्या अंगावर नुसती लव असते. त्याला कडाक्याची थंडी सोसत नाही, तसं वैशाखाचं ऊनही सोसत नाही. पावसाळ्यात जमीन ओली राहते आणि रोगराई वाढते. माघात कोंबडी बसवली तर पिल्लं फाल्गुनात निघतात आणि कडक ऊन पडेपर्यंत त्यांना पिसं फुटलेली असतात. शिवाय या दिवसांत रब्बीची सुगी असते. खळ्यावर सांडलेलं धान्य, कण्या, किडे-मुंग्या हा सगळा चारा फुकटात मिळतो.

हा हिशोब मुलांना सणांवरून सांगा, म्हणजे त्यांच्या चांगला लक्षात राहील. माघी पौर्णिमेच्या रात्री कोंबडी बसवली तर होळीच्या साधारण आठ दिवस आधी पिल्लं निघतात. होळीच्या सुमारास पहिली लस येते. पाडव्याला पिल्लं तीन आठवड्यांची होतात. अक्षय तृतीयेच्या आसपास ती आठ आठवड्यांची होतात, तेव्हा दुसरी लस. आणि पोळा-गणपतीच्या सुमारास यातल्याच तलंगा पहिलं अंडं देऊ लागतात. ज्या वर्षी मधे अधिक मास येतो, त्या वर्षी मात्र सण सोडून दिवसच मोजावेत.

अंडी कशी निवडावीत?

ज्या कळपात कोंबडा फिरतो, त्याच कळपातली अंडी घ्यावीत. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. अंडी मध्यम आकाराची, स्वच्छ आणि बिनतड्याची असावीत. फार मोठी, फार लहान किंवा वेडीवाकडी घेऊ नयेत. अंडी आठ दिवसांपेक्षा जुनी नसावीत. ती धुवू नयेत, कारण धुतल्यानं वरचा पातळ थर निघून जातो आणि रोगजंतू आत शिरतात. जमा करताना गार जागी, निमुळतं टोक खाली ठेवून वाळूत किंवा धान्यात उभी ठेवावीत.

एका गावठी कोंबडीखाली १० ते १२ अंडी पुरेत. जास्त ठेवली की कडेची थंड पडतात आणि सगळ्याच अंड्यांची ऊब बिघडते. सुधारित जातीच्या कोंबड्या अंडी जास्त देतात, पण त्या सहसा खुडूक होत नाहीत. तेव्हा त्यांची उबवणीची अंडी आणून ती आपल्या गावठी कोंबडीखाली ठेवता येतात. सांभाळायची माया गावठीकडेच आहे.

बसवायची रीत

पसरट टोपलं किंवा जुनी पाटी घ्यावी. तळाशी चाळलेल्या राखेचा थर द्यावा आणि त्यावर वाळलेलं गवत पसरून मधे थोडा खळगा करावा. वाळलेला कडुलिंबाचा पालाही टाकावा. जागा अंधारी, शांत आणि मांजर-मुंगसापासून सुरक्षित हवी. पाटी विटांवर ठेवावी आणि मुंग्या येऊ नयेत म्हणून भोवती राख टाकावी.

बसवण्याआधी कोंबडीच्या पंखाखाली उवा-पिसवा आहेत का ते पाहावं. अंगात किडे असलेली कोंबडी एका जागी टिकत नाही. तिला दोन दिवस राखेत लोळू द्यावं. मग रात्री अंधारात अलगद अंड्यांवर बसवावं. रात्री बसवलेली कोंबडी गडबड करत नाही.

कोंबडी रोज एकदा उठते, दाणा खाते, पाणी पिते, शिटते आणि पंधरा-वीस मिनिटांत परत जाऊन बसते. दाणा-पाणी जवळच असावं, म्हणजे ती लांब जात नाही. अंडी उलटायचं काम ती दिवसातून कितीतरी वेळा चोचीनं स्वतःच करते. त्यात आपण हात घालू नये.

मुलांचं काम इथून सुरू होतं

पहिल्याच दिवशी मुलाच्या किंवा मुलीच्या हाती एक वही द्या. त्यात तारीख, अंडी किती आणि पिल्लं कधी निघणार ते लिहायला सांगा. ज्याला अजून लिहिता येत नाही, त्यानं भिंतीवर रोज एक खडूची रेघ ओढावी. एकविसाव्या रेघेची वाट पाहताना पोर मोजायला आपोआप शिकतं.

सातव्या रात्री अंडी तपासावीत. वहीच्या जुन्या पुठ्ठ्याची नळी करून बॅटरीच्या तोंडाशी धरावी आणि अंधारात अंड्याचं रुंद टोक त्यावर टेकवावं. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधे काळा ठिपका दिसला तर अंडं फळलेलं आहे. काहीच दिसलं नाही तर ते कोरं. कोरी अंडी काढून टाकावीत, नाही तर ती सडून फुटतात आणि चांगल्या अंड्यांचं नुकसान करतात. पिल्लाचं हृदय तिसऱ्या दिवसाच्या आतच धडधडू लागतं. या शिरा आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं मूल पुढे अंडं कधी धसमुसळेपणानं हाताळत नाही. चौदाव्या रात्री पुन्हा एकदा तपासावं. अठराव्या दिवसानंतर मात्र कोणीही हात लावू नये.

एकविसाव्या दिवशी कवचाला आतून टोच पडते. इथंच मुलांचा धीर सुटतो. त्यांना वाटतं, आपण कवच सोलून द्यावं. तसं करू देऊ नका. टोच पडल्यापासून बाहेर यायला पिल्लाला कित्येक तास, कधी कधी जवळजवळ एक दिवस लागतो. तेवढ्या वेळात आतल्या शिरांतलं रक्त आणि उरलेला बलक त्याच्या पोटात ओढला जातो. घाईनं कवच काढलं तर रक्त येतं आणि पिल्लू दगावतं. त्याच बलकावर पिल्लू पुढचा दिवसभर तरी दाण्यावाचून राहू शकतं. म्हणून सगळी पिल्लं निघून वाळेपर्यंत आईला पोटाशी घेऊन बसू द्यावं.

पहिले तीन आठवडे डोळ्यांत तेल घालून

पिल्लं मरतात ती बहुतेक याच काळात. आपण म्हणतो, "नशिबात नव्हती." पण वही नीट ठेवली की कारणं दिसतात. एक घारीनं नेलं, एक पाण्यात बुडालं, दोन मांजरानं खाल्ली, तीन गारठली. यातलं बरंचसं टाळता येतं.

आई आणि पिल्लं पहिले दोन-तीन आठवडे डालग्याखाली ठेवावीत. दिवसा थोडा वेळ मुलांच्या देखरेखीखाली मोकळी सोडावीत. फाल्गुनात शाळा सकाळची झाली की दुपारनंतर मुलं मोकळीच असतात. पाणी पसरट ताटलीत द्यावं आणि त्यात खडे टाकावेत, म्हणजे पिल्लू बुडत नाही. ताटली सावलीत ठेवावी आणि पाणी दिवसातून दोनदा बदलावं. ज्वारी, बाजरी किंवा तांदळाच्या बारीक कण्या द्याव्यात, थोडी शेंगदाण्याची पेंड कुटून मिसळावी. मुलांनी वाळवी आणून दिली तर पिल्लं तिच्यावर तुटून पडतात. वाढीला लागणारा कस त्यातून मिळतो.

दोन गोष्टी मात्र कटाक्षानं पाळा. बुरशी धरलेली पेंड किंवा धान्य पिल्लांना घालू नका, त्यात विष तयार होतं. आणि पेरणीसाठी औषध लावलेलं बियाणं कोंबड्यांच्या आणि मुलांच्या हाती लागेल असं कधीही ठेवू नका. उरलेलं असं बियाणं अंगणात झटकलं तर कोंबडीही जाते आणि पोराच्या जिवावरही बेततं.

होळीच्या रात्री हलगी वाजते, धूर होतो. त्या रात्री पिल्लं घरात झाकून ठेवावीत. रंगपंचमीला मुलं पळसाची फुलं उकळून रंग करतात, तो करू द्या, पण रंगाचं पाणी पिल्लांवर जाऊ देऊ नका. ओलं पिल्लू गारठून मरतं. बाजारात रंग लावलेली पिल्लं विकायला येतात, त्यांचा मुलं हट्ट धरतात. ती पिल्लं आईविना असतात, फार दिवस टिकत नाहीत, वर रोगही घरात आणतात. आपल्या दारात पिल्लं असली की त्या हट्टाला उत्तर मिळतं.

मानमोडीची लस

गावठी कोंबड्यांचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे मानमोडी. कुमाऊंतल्या राणीखेत गावावरून तिला राणीखेत रोग असंही म्हणतात. हिरवट-पांढरी हगवण लागते, पक्षी चोच उघडून श्वास घेतो, मान वाकडी होते, पाय लुळे पडतात, आणि चार दिवसांत खुराडं रिकामं होतं. या रोगावर औषध नाही, लस आहे.

पहिली लस लासोटा. पिल्लू ५ ते ७ दिवसांचं असताना डोळ्यात किंवा नाकात एक थेंब टाकतात. दुसरी आर-टू-बी, आठव्या आठवड्यात, ती टोचून घ्यावी लागते. देवीच्या लशीबद्दलही त्याच वेळी दवाखान्यात विचारून ठेवा.

अडचण एकच येते. लशीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची असते आणि तुमच्या घरी पिल्लं असतात नऊ. फोडलेली लस तास-दोन तासांत वापरावी लागते. म्हणून एकट्यानं हे जमत नाही, आळीनं मिळून करावं लागतं. इथंही मुलं कामाला येतात. माघी पौर्णिमेच्या आठवड्यात आळीतल्या सगळ्या खुडूक कोंबड्या एकदम बसवा. मुलांना घरोघर जाऊन यादी करू द्या: कोणाकडे किती पिल्लं, कधी निघाली. ती यादी घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. लस बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणा, खिशातून उन्हात आणलेली लस पाण्यासारखी होते. लस फक्त निरोगी पिल्लांना आणि सकाळच्या गारव्यात द्यावी.

आणखी एक. २००६ साली फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आढळला, तो देशातला पहिलाच. तेव्हा लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. म्हणून एकदम पुष्कळ पक्षी मेले तर ते उकिरड्यावर टाकू नका, विकू नका, खाऊ नका, आणि मुलांना हात लावू देऊ नका. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. एरवीसुद्धा पिल्लं हाताळल्यावर मुलांनी साबणानं हात धुवावेत. पिल्लाचा मुका घेऊ देऊ नये.

शेवटचं आणि महत्त्वाचं

एका वस्तीवर चौथीतली एक मुलगी भेटली. तिच्या वहीत सत्तावीस दिवसांची नोंद अगदी टापटीप होती, पुढची पानं कोरी. विचारलं तर म्हणाली, "पाहुणे आले, माझा तुरेवाला कापला. मग कशाला मोजू?" आईला त्या दिवशी दुसरा इलाज नव्हता, हे खरं. कोंबडी ही घराची अडीनडी भागवणारी लक्ष्मी आहे. आजारपणात, बाजाराच्या दिवशी, पाहुण्यासाठी ती उपयोगी पडणारच, आणि ते मुलांनाही समजतं. पण ते आधी सांगितलेलं असावं.

म्हणून कोंबडी बसवायच्या दिवशीच ठरवा. बारातलं एक पिल्लू राखणाऱ्या मुलाचं. ते त्याला विचारल्याशिवाय विकायचं नाही, कापायचं नाही. तिची तलंग झाली तर तिच्या अंड्यांच्या पैशातून वही-पेन्सिल त्याचीच येईल. बाकीची पिल्लं घराची. शब्द दिलात तर पाळा. ज्याचा शब्द घरात पाळला जातो, ते मूल पुढे शेताचं कामही जीव लावून करतं.

तर भगिनींनो आणि बंधूंनो, थोडक्यात सांगतो: अंडी ताजी आणि दहा-बारा, बसवायची वेळ माघाची, अठराव्या दिवसानंतर हात नाही, तीन आठवडे डालगं, होळीला आणि अखितीला लस, आणि एक पिल्लू मुलाचं. पाडव्याला गुढी उभारली की मुलांना अंगणात पिल्लं मोजायला सांगा आणि मोजलेला आकडा वहीत लिहून ठेवा. पुढच्या माघात कोंबडी बसवताना तेच पान आधी उघडा.