ऋतूंची कविता कुठे शोधावी

ऋतूंवरच्या चांगल्या कविता शोधू पाहणारा मराठी वाचक बहुधा संग्रहांच्या अनुक्रमणिका चाळतो आणि ‘वर्षा’, ‘वसंत’, ‘शरद’ अशी शीर्षके दिसली की त्या कविता बाजूला काढतो. परंतु या रीतीने हाती येणाऱ्या पुष्कळ कवितांत ऋतूचे नाव असते, कोकिळा, मोगरा आणि इंद्रधनुष्यही असते, मात्र ऋतू स्वतः नसतो. हा दोष केवळ कवींच्या कुवतीचा नाही. काव्यपरंपरेने ऋतूला कवितेत कोणती जागा दिली, हे पाहिल्याशिवाय त्याचा उलगडा होत नाही.

संस्कृत काव्यशास्त्रात भाव जागृत करणाऱ्या कारणाला ‘विभाव’ म्हणतात आणि त्याचे दोन प्रकार मानले जातात: ज्याच्या ठिकाणी भाव जडतो ते ‘आलंबन’, आणि जडलेला भाव ज्याने भडकतो ते ‘उद्दीपन’. प्रियकर किंवा प्रेयसी हे आलंबन. मेघ, चांदणे, मलयवारा हे उद्दीपन. ऋतूची नेमणूक अशी दुसऱ्या रांगेत झाल्यामुळे त्याची सामग्री ठरून गेली, आणि ठरलेली सामग्री हजार वर्षे हातोहात फिरली की तिची नाणी गुळगुळीत होणारच. कालिदासाच्या नावावर असलेल्या ‘ऋतुसंहारा’त (संहार म्हणजे येथे संग्रह, एकत्र गुंफण) सहा सर्ग असून त्यांचा आरंभ ग्रीष्माने आणि शेवट वसंताने होतो; तरीही प्रत्येक ऋतू अखेर प्रेमिकांच्याच दिमतीला उभा राहतो. ‘मेघदूता’ची प्रत अधिक वरची, कारण त्यातील मेघाला प्रवासाची वाट आहे, वाटेत गावे, नद्या आणि नुकतीच नांगरलेली शेते आहेत. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्यातील रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक असे प्रतिपादन केले; ते मान्य केले, तर पावसाच्या या सर्वांत प्रसिद्ध काव्याचा पहिला ढग विदर्भाच्याच आकाशात दिसला असे म्हणावे लागते.

ऋतू किती, हा प्रश्नही येथे महत्त्वाचा आहे. पुस्तकात ते सहा आहेत, बोलण्यात उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तीन आहेत, आणि शेतात ते नक्षत्रांनी मोजले जातात. सूर्य सत्तावीस नक्षत्रांतून वर्षभर फिरतो, म्हणून एकेका नक्षत्राच्या वाट्याला साधारण तेरा-चौदा दिवस येतात. मृगापासून हस्तापर्यंतची नऊ नक्षत्रे म्हणजे पावसाळ्याचे चार महिने होत. चांद्र महिना अधिकमासामुळे मागेपुढे सरकतो, त्यामुळे श्रावण कधी जुलैत लागतो तर कधी ऑगस्टच्या मध्यावर. मृग मात्र दरवर्षी ७ किंवा ८ जूनलाच निघतो. म्हणून ज्या कवितेत नुसता ‘पाऊस’ नसून मिरगाचा पाऊस, आर्द्रेचा पाऊस किंवा हत्तीचा पाऊस असा भेद जाणवतो, त्या कवितेचा कर्ता पावसात उभा राहिलेला आहे असे समजण्यास जागा असते.

या कसोटीवर सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत ताजा वाटणारा ठेवा म्हणजे हाल सातवाहनाच्या नावे प्रसिद्ध असलेली ‘गाथासप्तशती’. सुमारे सातशे गाथांचा हा संग्रह महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेत आहे, आणि स. आ. जोगळेकर यांच्या १९५६च्या आवृत्तीने तो मराठी वाचकाच्या आटोक्यात आणला. गाथा म्हणजे दोन ओळींचे स्वतंत्र पद्य. तेवढ्या जागेत वर्णन मावत नाही, म्हणून गाथेतला ऋतू माणसांच्या घडामोडींतून कळतो: पाऊस जवळ आला म्हणून घराकडे धाव घेणारा वाटसरू, छपराखाली थंडी काढणारे गरीब घर, कापसाच्या शेतातली लगबग. काळ्या जमिनीत कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडाच्या वाचकाला या गाथा परक्या वाटत नाहीत, आणि मराठी ऋतुकाव्याचा शोध बालकवींच्या ‘श्रावणमासा’पासून सुरू न करता येथून सुरू करण्यास एवढे कारण पुरेसे आहे. बालकवींनी निसर्गाला उद्दीपनाच्या रांगेतून उठवून आलंबनाच्या जागी बसवले, हे त्यांचे मोठेपण वादातीत आहे. त्यांच्या अनुकरणातून निघालेल्या शेकडो हिरव्या कवितांचा भार त्यांच्यावर टाकणे अन्यायाचे ठरेल.

याच वऱ्हाडातल्या सुलतानपूरच्या वाचकाला तर फार दूर जावेच लागत नाही. गावावरून जाणाऱ्या जुन्या महामार्गाच्या एका अंगाला मेहकर आहे आणि दुसऱ्या अंगाला सिंदखेडराजा. १९०९ साली सिंदखेडराजात जन्मलेले आणि मेहकरात वकिली करत आयुष्य घालवलेले ना. घ. देशपांडे हे याच पट्ट्याचे कवी. त्यांची ‘शीळ’ ही कविता गजानन वाटवे यांच्याही आधीच्या पिढीतले भावगीतगायक गो. ना. जोशी यांच्या आवाजात घरोघर पोहोचली, आणि त्याच नावाचा संग्रह मात्र १९५४ साली निघाला. पुढे ‘खूणगाठी’ला १९८६चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. त्यांच्या कविता प्रेमकविता म्हणून नोंदल्या जातात, त्यामुळे ऋतूंच्या कविता शोधणारा त्यांना ओलांडून पुढे जातो. वास्तविक रानाचा मोकळेपणा, वारा आणि दिवसाची वेळ काढून घेतली, तर त्यांतील प्रेमालाही उभे राहण्यास भुई उरणार नाही.

आलंबन आणि उद्दीपन यांच्या पलीकडे ऋतूची एक तिसरी जागा आहे, आणि तिला शास्त्रात नाव नसल्यामुळे सोयीसाठी ‘कर्ता ऋतू’ म्हणता येईल: जो माणसाच्या घरात काही घडवतो किंवा बिघडवतो तो. या जागेचे उत्तम उदाहरण वाफसा या एका शब्दात सापडते. पाऊस पडून गेल्यावर काळ्या जमिनीत ओल असते, पण चिखल नसतो. तिफणीच्या फणाला माती चिकटत नाही आणि बी ओलीत नेमके पडते, त्या अवस्थेला वाफसा म्हणतात. आधी घाई केली तर तिफण चालत नाही, उशीर केला तर ओल उडते, आणि मग पावसाने दडी मारली तर दुबार पेरणी कपाळी येते. पावसाच्या आनंदाची कविता सोपी आहे. पेरल्यानंतरच्या उघडिपीची, आभाळाकडे पाहत काढलेल्या दिवसांची कविता अवघड आहे, आणि शोधकाने तीच शोधावी. बहिणाबाई चौधरी, ‘रानातल्या कविता’ (१९६७) लिहिणारे पळसखेडचे ना. धों. महानोर आणि ‘तिफन’कार विठ्ठल वाघ यांच्याकडे ती मिळते, कारण या तिघांनाही शेतीची भाषा आतून अवगत आहे. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) गद्य असले, तरी या वाचनाच्या सोबतीला ते हवेच. झाडांचे महिने ओळखायला त्याइतके चांगले पुस्तक मराठीत दुसरे नाही.

ज्या ऋतुकविता पुस्तकात आल्याच नाहीत, त्यांचा साठा याहूनही मोठा आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत म्हटल्या जाणाऱ्या भुलाबाईच्या गाण्यांत सासर-माहेराचेच बोलणे अधिक. त्यांत ऋतूचे वर्णन शोधले तर फारसे सापडणार नाही, पण मूग-उडीद घरात आलेले आणि कापूस अजून फुटायचा, अशा त्याच दिवसांत ती म्हटली जातात, म्हणजे ऋतू शब्दांत नसून गाण्याच्या वेळेत असतो. पोळ्याच्या तोरणाखाली बैल उभे राहिल्यावर म्हटल्या जाणाऱ्या झडत्यांचे तसे नाही. झडती म्हणजे चार-सहा ओळींचे खणखणीत, यमकबद्ध पद्य. त्यात बैलाचे कौतुक असते, तसाच पिकाचा, भावाचा आणि कर्जाचा हिशेबही असतो, शेवटी ‘हर बोला’चा गजर होतो, आणि एखादी नवी झडती त्या वर्षापुरतीच जगते. अशी तोंडी कविता टिपली तरच टिकते. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते; मुलगा सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी त्यांची गाणी टिपून ठेवली, म्हणून १९५२ साली त्यांचे पुस्तक होऊ शकले. येत्या पोळ्याला तोरणाखाली वही घेऊन कोणी उभे राहिले, तर झडतीच्या शेजारी म्हणणाऱ्याचे नाव, गाव आणि त्या साली मृगाने पेरणी साधली की आर्द्रेपर्यंत थांबावे लागले, एवढे तरी लिहून ठेवावे.